ठासणीची बंदूक आणि शेताची राखण: गोळी-दारूच्या आधी विचारायचे प्रश्न

भातपीक निसवू लागले की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून दरवर्षी तेच प्रश्न येतात. ठासणीच्या बंदुकीत छर्रे भरावेत की एकच गोळी? दारू कोणती घ्यावी? भेकर रोज वालाच्या शेतात उतरते, त्याला कोणता छर्रा लागेल? विचारणारे बहुतेक शेतकरी असतात, शिकारी नसतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धे खाचर लोळवून जातो. ओंब्या चघळून टाकलेल्या, बांध उकरलेला आणि चिखलात खुरांचे ठसे, असे सकाळी दिसले की माणसाचा हात आपोआप बंदुकीकडे जातो.

पण गोळी आणि दारू हा या साखळीतला शेवटचा प्रश्न आहे. आधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: समोरचे जनावर कोणते, बंदुकीचा परवाना कोणाच्या नावावर आणि आपले शेत अभयारण्यापासून किती अंतरावर. या तिन्हींची उत्तरे चुकली तर सर्वात चांगली दारू आणि सर्वात नेमकी गोळीच तुम्हाला तुरुंगात नेते. म्हणून त्याच क्रमाने पाहू.

हरणावर गोळी: नाही, कोणत्याही हंगामात नाही

मोबाइलवर दिसणाऱ्या ठासणीच्या बंदुकीच्या चित्रफिती बहुधा अमेरिकेतल्या असतात. तिथल्या अनेक राज्यांत हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, त्याचे परवाने मिळतात आणि ठासणीच्या बंदुकीसाठी वेगळे दिवसही राखून ठेवलेले असतात. त्यांच्या गोळीच्या वजनाच्या आणि दारूच्या मापाच्या चर्चा तिथे योग्य आहेत. आपल्याकडे असा हंगामच नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचीतल्या प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर हे प्राणी पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीत आहेत. चितळ, सांबर, भेकर, पिसोरी, चौशिंगा हे सगळे त्यात येतात. पिसोरी आणि चौशिंगा पहिल्या अनुसूचीत आहेत.

दोन गोष्टींबाबत गावागावांत गैरसमज आहे.

- शिकार म्हणजे फक्त ठार मारणे नव्हे. फासा लावणे, विष ठेवणे, सापळा मांडणे, शिकारीसाठी हाकारणे, आमिष टाकणे, जखमी करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सगळे कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. नेम चुकला म्हणून गुन्हा टळत नाही.
- वाटा घेणाराही अडकतो. जनावराचा वाटा घरोघर पोचवण्याची जुनी रीत आहे. पण बेकायदा मारलेल्या प्राण्याचे मांस, शिंग, कातडे ही सरकारी मालमत्ता ठरते. ते हाती आले तर ४८ तासांत जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचे असते. घरात सापडले तर ते कायदेशीर मार्गाने आले हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. शेजाऱ्याने प्रेमाने आणून दिले असले तरी पातेले तुमच्या चुलीवर असते.

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. अभयारण्यात कोणत्याही अनुसूचित प्राण्याची शिकार केली तरी शिक्षा हीच. म्हणजे तानसा अभयारण्याच्या हद्दीत मारलेले साधे रानडुक्करही तुम्हाला किमान तीन वर्षांच्या कैदेत नेऊन बसवते. हद्दीबाहेर दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोषी ठरल्यास न्यायालय शस्त्रपरवाना रद्द करू शकते आणि मग पाच वर्षे नवा परवाना मिळत नाही.

काही आदिवासी बांधव विचारतात की वनहक्काचा पट्टा मिळाला म्हणजे पूर्वापार शिकारीचा हक्कही मिळाला ना? नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसण्याचे, गौण वनोपज गोळा करण्याचे आणि इतर पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला आहे.

रानडुक्कर: वाट आहे, पण ती कागदावरून जाते

रानडुक्करही दुसऱ्या अनुसूचीत आहे. मात्र कायद्याच्या कलम ११ मध्ये एक दार उघडे ठेवले आहे. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेशाने त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. सरपंचांची तोंडी संमती, वनरक्षकाचे "बघा तुम्ही" किंवा गावबैठकीतला ठराव यांना परवानगीचे मोल नाही.

- अर्ज आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्या. सोबत सातबारा किंवा वनहक्क पट्टा, नुकसानीचे फोटो, आधीचा पंचनामा असल्यास तो आणि बंदूक चालवणाऱ्याच्या शस्त्रपरवान्याची प्रत जोडा.
- अर्जाची पोच घ्या. तारीख आणि शिक्का नसलेली पोच नंतर उपयोगी पडत नाही.
- आदेश हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, नाहीतर मुलाकडून वाचून घ्या. कोणता प्राणी, कोणता गट क्रमांक, किती दिवस आणि बार कोणी काढायचा, हे त्यात काय लिहिले आहे ते पाहा. डुकराची परवानगी भेकराला लागू होत नाही आणि तुमच्या गटाची परवानगी शेजारच्या गटाला चालत नाही.
- जनावर पडले की ताबडतोब वनखात्याला कळवा. पंचनामा होईपर्यंत हलवू नका, कापू नका. पुढची विल्हेवाट आदेशात असेल तशीच.
- जखमी जनावर जंगलात शिरले तर बंदूक घेऊन मागे जाऊ नका. परवानगी शेतापुरती असते, आणि जखमी डुक्कर झुडपातून अंगावर येते. वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर किंवा वनपालाला फोन करा.

आणखी एक मुद्दा. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे एखादा प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. पण त्या वेळी तुम्ही स्वतःच बेकायदा शिकारीला निघालेले असाल तर हे संरक्षण मिळत नाही.

परवाना कोणाच्या नावावर आहे?

सर्वात जास्त घोटाळा इथे होतो. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नावानिशी आहे. खऱ्या पीकसंरक्षणासाठी ती मागितली तर परवाना द्यावा, आणि ठासणीची पुरेशी नाही अशी खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते, असे कलम १३ सांगते. अर्जदार २१ वर्षे पूर्ण झालेला हवा. आपल्या दोन्ही तालुक्यांसाठी परवाना ठाण्याचे जिल्हाधिकारी देतात, चौकशी ठाणे ग्रामीण पोलिसांच्या स्थानिक ठाण्यामार्फत होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षे आहे.

पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारणे लेखी मागा. सार्वजनिक हिताची अडचण नसेल तर ती द्यावीच लागतात, आणि त्यावर ३० दिवसांत कोकण विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते.

आता शहापूर-मुरबाडची खास अडचण. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या परिघात नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. शहापूरला तानसा अभयारण्य लागून आहे. मुरबाडच्या पूर्वेला सिद्धगडाकडे भीमाशंकर अभयारण्य आणि माळशेजच्या माथ्यावर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. अर्ज वर्ष वर्ष अडकून पडतो त्याचे कारण अनेकदा हेच असते. म्हणून अर्ज करण्याआधीच वनखात्याकडून आपल्या गावाचे अंतर विचारून घ्या आणि पत्रात त्याचा उल्लेख करा. अभयारण्याच्या आत तर लेखी परवानगीशिवाय हत्यार नेण्यालाच बंदी आहे. परवाना खिशात असला तरी, आणि वाट तिथूनच जात असली तरी.

आजोबांच्या नावची बंदूक

आजोबा गेले, बंदूक माळ्यावर राहिली, परवाना त्यांच्याच नावावर. अशी घरे या भागात पुष्कळ आहेत आणि तिथले लोक मुळीच गुन्हेगार नाहीत. तरी कायद्याच्या नजरेत ती विनापरवाना बंदूकच ठरते. २०१९ नंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याला किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद आहे.

परवानाधारक वारल्यावर बंदूक विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते. शहापूर, किन्हवली, कसारा, मुरबाड, टोकावडे, जे ठाणे लागू असेल ते. जमा केल्याची पावती घ्या. त्यावर बंदुकीचा क्रमांक, नळीची खूण आणि तारीख असू द्या. मग वारसाने मृत्यूचा दाखला, जुना परवाना, इतर वारसांची संमतीपत्रे आणि पावती जोडून जिल्हाधिकारी कार्यालयात वारसाहक्काने परवान्यासाठी अर्ज करावा. धारक हयात असतानाही, त्याचे वय ७० झाले किंवा बंदूक २५ वर्षे त्याच्याकडे असली, तर वारसाला अर्ज करता येतो. हे आजोबा असतानाच केले तर पुढची निम्मी धावपळ वाचते.

"जुनी आहे, गंजलेली आहे, तिला कशाला परवाना?" हेही नेहमी ऐकू येते. कायद्यातली सूट फक्त अशा जुनाट किंवा मोडक्या हत्याराला आहे, जे दुरुस्त करूनही चालवता येणार नाही. घोडा बदलला की बार उडणार असेल तर सूट नाही. आणि कोणाकडून तरी गुपचूप घडवून घेतलेली गावठी बंदूक? बेकायदा बंदूक बनवणे आणि विकणे याला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तिच्या जवळही जाऊ नका.

परवाना वडिलांच्या नावावर असेल तर जागलीला मुलाने बंदूक घेऊन जायचे नाही, त्याचे नाव परवान्यावर नोंदवलेले असल्याशिवाय. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या दोन महिने आधी द्या आणि परवान्यावर विशिष्ट ओळख क्रमांक नोंदलेला आहे ना, हे एकदा तपासा.

निवडणूक आणि कापणी एकाच वेळी

विधानसभेचे मतदान २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले. तिन्ही वेळा भात शेतात किंवा खळ्यावर होते. आचारसंहिता लागली की बंदूक जमा करण्याची नोटीस येते, आणि डुकरे नेमकी तेव्हाच येतात. नोटीस आली तर बंदूक जमा करणे टाळू नका, तो वेगळा गुन्हा होईल. पण कोणाची बंदूक जमा करून घ्यायची हे जिल्ह्याच्या छाननी समितीने ठरवायचे असते, सगळ्यांना एकाच मापाने मोजायचे नसते. तुमच्यावर गुन्हा नसेल आणि बंदूक पीकसंरक्षणाची असेल, तर पिकाची स्थिती दाखवून समितीकडे सवलतीचा लेखी अर्ज करा. निकाल लागल्यावर बंदूक परत आणायला विसरू नका, आणि परत घेताना पावतीवरचा क्रमांक जुळवून पाहा.

आता दारू आणि गोळी

इथपर्यंतची उत्तरे होकारार्थी असतील, तरच हा प्रश्न येतो.

दारू, केपा आणि शिसे परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या. परवान्यावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक खरेदीची नोंद करून. घरी दारू कुटण्याचा प्रयत्न कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय त्यात माणसे भाजतात, बोटे जातात.

काडतुसातली बिनधुराची दारू काढून ठासणीच्या बंदुकीत कधीही भरू नका. ठासणीची नळी काळ्या दारूच्या दाबासाठी बनलेली असते. बिनधुराच्या दारूचा दाब तिला पेलत नाही आणि नळी तोंडासमोर फुटते. काळी दारूही ओल धरते आणि बारानंतर नळीत काजळी सोडते. ती काजळी लोखंड खाते. पावसाळा दमट खोलीत काढलेली, वर्षभर न पुसलेली नळी आतून किती झिजली आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून माप मी इथे देत नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या बंदुकीचे माप तुम्हीही घेऊ नका. परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून तुमचीच नळी तपासून घ्या. किती दारू, कोणता छर्रा, गोळी चालेल का, हे त्याने त्या नळीकडे पाहून सांगायचे असते.

केप फुटली आणि बार झाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून थांबा. दारू उशिरा पेटू शकते. नळीत डोकावणे म्हणजे मरण.

छर्रे की गोळी या प्रश्नाचे उत्तर रात्रीच्या शेतात खरे तर तिसरेच आहे. छर्रे पसरतात, गोळी काही शे मीटर जाते, आणि पुढच्या खाचरातल्या माळ्यावर शेजारी बसलेला असतो. जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने हालचाल दिसताच बार काढला. समोर डुक्कर नव्हते, बरोबरचाच माणूस होता. मृतदेह लपवला गेला आणि पुढे अनेकांना अटक झाली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेत ५ वर्षांपर्यंत कैद आहे. मृतदेह लपवला की पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा वर चढतो, आणि तो सोबतच्या प्रत्येकावर. जनावर आणि त्याच्या मागची जागा स्पष्ट दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचे नाही, दारू पिऊन जागलीला जायचे नाही आणि संध्याकाळीच आजूबाजूच्या माळ्यांवरच्या लोकांना सांगून ठेवायचे.

बंदुकीऐवजी लोक करतात ते, आणि जे करू नये

- कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडणे. डुक्कर मरते, तशीच पहाटे बांधावरून जाणारी बाई मरते. मग मनुष्यवधाचा आणि वीजचोरीचा गुन्हा दोन्ही लागतात. सौर कुंपण वेगळे असते. त्यातला झटका क्षणभराचा असतो, जनावर पळते, मरत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदान मिळते. आपले गाव त्यात बसते का ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.
- गावठी बॉम्ब. पिठाच्या गोळ्यात किंवा चरबीत गुंडाळून ठेवलेला हा स्फोटक गोळा डुकराआधी कुत्रा, गाय किंवा खेळणारे मूल उचलते. नुसता जवळ सापडला तरी स्फोटक पदार्थ अधिनियम १९०८ लागतो.
- कार्बाइड गन. माकडे आणि पाखरे हाकलायला पाइपची ही तोफ स्वस्त वाटते. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ परिसरात तिने कित्येक मुलांचे डोळे गेले.

डबे, मशाली, गोफण आणि आळीपाळीने जागल हे जुने उपाय दमवणारे आहेत, पण सलग शेते असलेल्या पाच-सहा घरांनी मिळून केले तर चालतात. एकट्याने केले तर डुकरे फक्त शेजारच्या खाचरात जातात.

पीक गेले तर भरपाई

बंदुकीचे प्रश्न शंभर येतात, भरपाईचे दोन-चार. उलट व्हायला हवे. रानडुक्कर, हरीण, माकड यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई वनखाते देते.

१. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी तक्रार द्या. पहिला दिवस "पुन्हा येतात का बघू" म्हणण्यात जातो. तिथेच दावा गळतो.
२. पंचनाम्यापर्यंत शेत तसेच ठेवा. तारीख दिसेल असे फोटो काढा: एक पूर्ण खाचराचा, एक खुरांच्या ठशांचा, एक उकरलेल्या बांधाचा.
३. पंचनाम्याला स्वतः हजर राहा. क्षेत्र आणि नुकसानीचा आकडा वाचून मगच सही करा. कमी लिहिले असेल तर सहीच्या वर तसे नोंदवा.
४. सातबारा किंवा पट्टा, आधार, बँक पासबुक यांच्या प्रती द्या. सामाईक सातबारा असेल तर इतरांचे संमतीपत्र जोडा.

वनजमिनीवरच्या अतिक्रमणातल्या पिकाला भरपाई मिळत नाही. तुमचा वनहक्क दावा प्रलंबित असेल तर त्याची पोच जोडा आणि तसे स्पष्ट लिहा. वन्यजीव गुन्ह्यात नाव आले तर भरपाईची वाटही बंद होते. एका भेकराच्या मोहापायी घालवण्यासारखे हे नाही.

वनखाते किंवा पोलिस दारात आले तर

पळू नका, हुज्जत घालू नका आणि न वाचता कशावरही सही किंवा अंगठा देऊ नका. अटक केली तर कारण सांगणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे बंधनकारक आहे. बंदूक जप्त केली तर पंचनाम्याची प्रत मागा आणि त्यातला क्रमांक परवान्याशी ताडून पाहा. वन्यजीव गुन्ह्यात सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने रीतसर नोंदवलेला जबाब पुढे पुरावा म्हणून वापरता येतो. तेव्हा जबाब देण्याआधी वकिलाशी बोलू द्या, असे सांगण्यात काही गैर नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर शहापूर आणि मुरबाड न्यायालयांतल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. अनुसूचित जमाती आणि जातींच्या व्यक्ती, स्त्रिया आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली कुटुंबांनी जातीच्या दाखल्याची एक प्रत परवाना, सातबारा आणि पावत्यांच्या पिशवीतच ठेवावी, म्हणजे ऐन वेळी घरच्या माणसाला ती शोधत बसावे लागत नाही.